चीगोंग : श्वसन व हृदय यांच्या प्रतिसादाचा अभ्यास

प्राणवह स्रोतसांचे मूळ सांगताना चरकाचार्यांनी प्रथम हृदयाचा निर्देश केला आहे व नंतर महास्रोतसाचा. सुश्रुताचार्यांनी हृदय व रसवाहिनी धमन्या ही मुळे मानली. दोघांच्याही सूत्रांत फुप्फुसाचे नाव नाही. विद्यार्थिदशेत ही गोष्ट आपणांपैकी अनेकांना खटकलेली असते. श्वास ज्या मार्गाने जातो त्या मार्गाचे मूळ हृदयात कसे, हा प्रश्न परीक्षेपुरता पाठ करून आपण पुढे जातो. चीन देशातील चीगोंग या क्रियापद्धतीवर गेल्या काही दशकांत जी मोजमापे झाली, ती वाचताना हा प्रश्न पुन्हा समोर येतो; कारण श्वासाची गती बुद्धिपुरस्सर बदलली असता त्याचा पहिला पडसाद नाडीतच उमटतो, असे त्यांत वारंवार आढळले आहे.

हा विषय मांडण्याचे तात्कालिक कारण व्यावहारिक आहे. पूर्वी केवळ पुस्तकात भेटणाऱ्या या क्रिया आता मोबाईलवरील चित्रफिती पाहून लहान गावांतील रुग्णही करू लागले आहेत. उच्च रक्तदाबाचा रुग्ण चिकित्सालयात येतो आणि विचारतो, "वैद्यबुवा, हे रोज करतो आहे, आता गोळी बंद केली तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर श्रद्धेने किंवा उपहासाने देता येणार नाही. क्रिया करताना शरीरात काय घडते, केल्यानंतर किती काळ टिकते आणि महिनोन्‌महिने केल्यास काय उरते, या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या पाहिजेत. बहुतेक प्रचारकी लेखनात या तिन्हींची सरमिसळ झालेली असते.

चीगोंग म्हणजे काय

'ची' या चिनी शब्दात श्वास, वाफ व देहातील चालक शक्ती असे अर्थ एकवटलेले आहेत. 'गोंग' म्हणजे सायासाने मिळविलेले कौशल्य. क्रिया फार जुन्या आहेत. हुनान प्रांतातील छांग्शा नगराजवळ मावांगद्वी येथे १९७३ मध्ये उघडलेल्या एका थडग्यात रेशमी वस्त्रावर चितारलेल्या ४४ मानवाकृती सापडल्या. त्या उभ्या राहून हात उंचावणे, वाकणे, वळणे अशा हालचाली करीत आहेत. ते थडगे इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेले होते. हान काळातील प्रसिद्ध शल्यवैद्य ह्वा थ्वो याच्या नावावर व्याघ्र, हरिण, अस्वल, वानर व पक्षी यांच्या हालचालींवर बेतलेला 'पंचप्राणी' व्यायाम सांगितला जातो.

नाव मात्र आजच्या अर्थाने अर्वाचीन आहे. ल्यू ग्वेइचन या हबेइ प्रांतातील पक्षकार्यकर्त्याला जठरव्रणाच्या व्याधीत अशा श्वसनक्रियेचा गुण आला. त्याने १९५० च्या दशकात तिला 'चीगोंग चिकित्सा' या नावाने रुग्णालयीन रूप दिले. बेइदाइहे येथील आरोग्यधाम १९५६ मध्ये व त्याचे पुस्तक १९५७ मध्ये आले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात हे सारे बंद पडले, १९७९ नंतर पुन्हा उसळले आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्याला अद्‌भुत शक्तींच्या दाव्यांचे इतके पेव फुटले की शेवटी शासनाला लगाम घालावा लागला. २००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाने चार संच प्रमाणित करून प्रसृत केले. त्यांतील 'बादुआनजिन' म्हणजे अष्टखंडी क्रिया हा संच अभ्यासकांनी सर्वाधिक वापरला आहे. तो पूर्ण करण्यास सुमारे १२ मिनिटे लागतात. दुसऱ्यावर हात न लावता 'ची' सोडून रोग बरा करण्याचे जे दावे होते, त्यांचा प्रस्तुत लेखाशी काही संबंध नाही व लेखकाचा त्यांवर विश्वासही नाही.

येथे एक खुलासा करणे भाग आहे. 'हे सर्व आपल्याकडूनच गेले' असे व्याख्यानांतून सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे व पुरावा म्हणून बोधिधर्माचे नाव घेतले जाते. ज्या 'यीजिनजिंग' ग्रंथावरून हे सांगतात तो संशोधकांच्या मते १६२४ च्या सुमाराचा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजार-अकराशे वर्षांनी लिहिलेला आहे. खरा दुवा हवा असेल तर तो सातव्या शतकातील सुन स्सिम्याव या वैद्याच्या ग्रंथात आहे. त्याने १८ हालचालींचा एक क्रम भारत देशाची, ब्राह्मणांची पद्धती म्हणून नोंदविला आहे. तेवढे पुरेसे आहे. अधिक ताणण्याची आवश्यकता नाही.

श्वसनाचा हिशेब

चीगोंगचे शिक्षक श्वासाचे चार गुण सांगतात : तो सूक्ष्म असावा, दीर्घ असावा, सम असावा व खोल असावा. श्वासोच्छ्वास नाकाने करावा, उदर श्वासाबरोबर फुलावे व निःश्वासाबरोबर आत जावे, लक्ष नाभीच्या खाली तीन बोटांवरील स्थानी असावे. हात वर जाताना किंवा उघडताना श्वास आत, खाली येताना किंवा मिटताना बाहेर. प्रमाणित संचांमध्ये दीर्घ कुंभक नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी. चिकित्सेच्या दृष्टीने ती पुढे महत्त्वाची ठरेल.

या चार गुणांचा शरीरक्रियेच्या भाषेत हिशेब मांडून पाहू. स्वस्थ प्रौढ मनुष्य विश्रांतीत साधारणतः मिनिटास १२ ते १६ श्वास घेतो व प्रत्येक श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. त्यांतील सुमारे १५० मिलिलिटर हवा नासा, कंठ व श्वासनलिका यांतच राहते. वायुकोशांत पोहोचत नाही, म्हणून तिचा उपयोग होत नाही. मिनिटास १६ श्वास धरले तर एकूण ८००० मिलिलिटर हवा हलविली जाते, पण वायुकोशांत पोहोचते ती ३५० गुणिले १६ म्हणजे ५६०० मिलिलिटर. आता तोच मनुष्य मिनिटास ८ श्वास घेऊ लागला व प्रत्येक श्वास ८५० मिलिलिटरचा झाला असे माना. एकूण हवा ६८०० मिलिलिटर. वायुकोशांत पोहोचलेली ७०० गुणिले ८, म्हणजे पुन्हा ५६०० मिलिलिटरच. काम तेवढेच झाले, पण दर मिनिटास १२०० मिलिलिटर हवा विनाकारण हलविण्याचे श्रम वाचले.

१९९३ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध होणाऱ्या चिनी वैद्यकाच्या नियतकालिकात दहा तरुण स्वयंसेवकांवरील एक छोटा अभ्यास आला होता. वीस पाठांच्या चीगोंग शिक्षणानंतर त्यांच्या श्वसनाची कार्यक्षमता वाढली, म्हणजे तेवढ्याच ऑक्सिजनसाठी त्यांना पूर्वीपेक्षा कमी हवा हलवावी लागू लागली, असे त्याचे मुख्य निरीक्षण होते. लेखकांनीच त्यास प्राथमिक म्हटले आहे व दहा व्यक्तींवरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु वरील हिशेब पाहिला म्हणजे या निरीक्षणात गूढ असे काही उरत नाही.

सामान्यजनांचा समज नेमका उलटा असतो. खोल श्वास घेतला की शरीरात ऑक्सिजन जास्त जातो, असे ते मानतात. धमनीतील रक्त विश्रांतीतही ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. त्यात आणखी भर घालण्यास जागा फारशी नाही. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगक्रियांची जी प्रयोगशालेय मोजमापे आरंभिली, त्यांतून प्राणायामाबाबतही हेच दिसले होते की त्याचे महत्त्व ऑक्सिजन अधिक मिळण्यात नाही. मराठीत ऑक्सिजनला 'प्राणवायू' म्हणण्याची रूढी पडल्याने हा गोंधळ अधिकच वाढला आहे. आपल्या शास्त्रातील प्राणवायू व नळकांड्यात भरलेला प्राणवायू एक नव्हेत, हे रुग्णास सांगताना निदान आपण तरी 'ऑक्सिजन' हाच शब्द वापरावा असे वाटते.

उलट, खोल श्वास जलद गतीने घेतला तर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. त्याने मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. चक्कर, ओठांभोवती व बोटांत मुंग्या, छातीत धडधड ही लक्षणे दिसतात. चित्रफीत पाहून क्रिया करणारे पुष्कळ जण याच लक्षणांना 'शक्ती जागृत झाली' असे समजतात. म्हणून रुग्णास "खोल श्वास घ्या" असे न सांगता "सावकाश श्वास सोडा" असे सांगावे. निःश्वास लांबला की पुढील श्वास आपोआप हवा तेवढा खोल होतो.

या सर्वांत महत्त्वाचे कार्य महाप्राचीरा पेशीचे, म्हणजे डायफ्रामचे. शांत श्वसनात ती जेमतेम दीड सेंटिमीटर खाली उतरते. दीर्घ श्वसनात ६ ते १० सेंटिमीटर. ती उतरताना उरोगुहेतील दाब घटतो, उदरगुहेतील दाब वाढतो आणि सिरांतील रक्त हृदयाकडे ओढले जाते. नाभीजवळील प्राणवायू हृदयास स्पर्श करून कंठावाटे बाहेर जातो व परत येऊन देहास तृप्त करतो, असे शार्ङ्गधराने केलेले वर्णन येथे आठवते. त्यात डायफ्राम शोधण्याचा अट्टहास करू नये. परंतु नाभी, हृदय व श्वास यांना एका ओळीत गुंफणारी ती दृष्टी आणि नाभीखालील स्थानी लक्ष ठेवून श्वास घेण्याची चिनी रीत यांतील साम्य नजरेआड करण्याजोगे नाही.

हृदयाचा प्रतिसाद

जुने चिनी वैद्य नाडीचे ठोके स्वतःच्या श्वासावर मोजीत. वैद्याच्या एका श्वासाला रुग्णाच्या नाडीचे दोन ठोके, निःश्वासाला दोन व मधल्या विरामात कदाचित पाचवा, हे स्वस्थतेचे प्रमाण होते. अर्थात ज्या वैद्याचा स्वतःचाच श्वास अस्थिर त्याचे नाडीज्ञानही अस्थिर, हे ओघाने आलेच.

नाडी व श्वास यांतील दुसरा संबंध याहून सूक्ष्म आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना मंदावते. कोणाही तरुण स्वस्थ व्यक्तीस मंद श्वास घेण्यास सांगून तिच्या नाडीवर बोटे ठेवावीत; हा फरक बोटांना जाणवतो. निःश्वासाच्या वेळी व्हेगस नाडीतंतूंचा लगाम हृदयावर घट्ट होतो, श्वासाच्या वेळी सैल होतो. वय वाढले, मधुमेहाने नाडीतंतू क्षीण झाले किंवा हृदय दुर्बल झाले की हा चढउतार सपाट होतो. घड्याळासारखी एकसुरी नाडी हे अशा रुग्णांत सुलक्षण नव्हे.

१९९९ मध्ये बोस्टन येथील संशोधकांनी हृद्रोगविषयक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. चिनी 'ची' ध्यान करणारे आठ व कुंडलिनी योग करणारे चार साधक त्यांनी अभ्यासले. ध्यानकाळात हृदय शांत, निस्तरंग होत असेल अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. प्रत्यक्षात उलट दिसले. मंद श्वासाच्या लयीबरोबर हृदयगतीत मोठमोठे चढउतार होत होते, झोपेतील किंवा साध्या लयबद्ध श्वसनातील चढउतारांहूनही मोठे. दोन देशांच्या दोन परंपरांत हे सारखेच आढळले, हे विशेष. साधकांची संख्या अल्प आहे. तथापि बाहेरून निश्चल दिसणाऱ्या मनुष्याचे हृदय आत सक्रिय लयीत चालते, हे या निबंधाने प्रथमच इतक्या स्पष्टपणे दाखविले.

हे का घडते? मानेतील कॅरोटिड धमनीत व महाधमनीच्या कमानीत रक्ताचा दाब जाणणारी केंद्रे आहेत. दाब वाढला की ती हृदयगती मंद करतात, घटला की वाढवितात. या नियंत्रणाची स्वतःची एक संथ लाट असते व तिचा आवर्तनकाल सुमारे दहा सेकंद असतो. श्वास मिनिटास सहाच्या आसपास आला की श्वासाची लाटही दहा सेकंदांची होते. दोन्ही लाटा जुळतात व एकमेकींस बळ देतात. झोपाळ्यास त्याच्याच लयीत झोका दिल्यासारखे हे आहे. इटलीतील लुचिआनो बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखविले की लॅटिन जपमाळेची प्रार्थना असो वा 'ॐ मणिपद्मे हुम्' हा मंत्र, दोहोंच्या पठणाने श्वास मिनिटास सुमारे सहावर येतो व रक्तदाब नियंत्रणाची संवेदनशीलता वाढते. हृदयदौर्बल्याच्या रुग्णांतही सहा श्वासांच्या गतीने ती वाढते, असे त्याच गटाने २००२ मध्ये नोंदविले. यात चिनी काहीच नाही. माझ्या मते चीगोंगच्या हृदयावरील तात्कालिक परिणामाचा मोठा वाटा या मंद श्वासाचाच आहे.

एका तांत्रिक फसगतीविषयी सावध करणे आवश्यक आहे, कारण अशा निबंधांचे भाषांतरित सारांश आपल्याकडे सहज उद्धृत होतात. हृदयगतीच्या चढउतारांचे मंदवारंवारता व उच्चवारंवारता असे दोन पट्टे करून, पहिला सिंपथेटिक व दुसरा पॅरासिंपथेटिक क्रियेचा निदर्शक मानण्याची पद्धत पडली आहे. परंतु श्वास मिनिटास नऊच्या खाली गेला की श्वासामुळे होणारा चढउतार आपोआप मंदवारंवारतेच्या पट्ट्यात सरकतो. मग व्हेगसचेच कार्य वाढलेले असताना 'सिंपथेटिक वाढले' असा निष्कर्ष निघतो. ज्या निबंधात श्वासाची गती मोजलेली नाही, त्यातील असले गुणोत्तर विचारात न घेतलेले बरे.

अर्धशक्तीचे गमक

मंद श्वासाखेरीज चीगोंगमध्ये हालचालही आहे. शारीरिक श्रमांच्या प्रचलित कोष्टकात उभ्याने केलेल्या सामान्य चीगोंगचे मूल्य ३ मेट धरले आहे, म्हणजे विश्रांतीच्या तिप्पट ऑक्सिजन खर्च. बसून केलेल्या हलक्या प्रकाराचे १.५ मेट. साठ किलो वजनाच्या मनुष्यास विश्रांतीत मिनिटास सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. या क्रियेत सुमारे ६३० लागेल. सपाट रस्त्यावर सावकाश चालण्याइतकाच हा श्रम आहे. अष्टखंडी क्रियेच्या शेवटी टाचा उचलून सात वेळा हलकेच आपटतात. त्यात पोटरीच्या स्नायूंकडून सिरांतील रक्त वर ढकलले जाते.

व्यायाम किती करावा या प्रश्नास आपल्या आचार्यांनी दिलेले 'अर्धशक्ती' हे उत्तर सर्वांस ठाऊक आहे. पण तिचे सुश्रुतोक्त लक्षण आपण विसरतो. हृदयस्थानी असलेला वायू व्यायाम करताना मुखाशी येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. आधुनिक व्यायामशास्त्रात ज्या बिंदूनंतर श्वसन श्रमाच्या प्रमाणाबाहेर वाढू लागते त्या बिंदूची ओळख याहून सोप्या शब्दांत करून देता येणार नाही. नाकाने घेतलेला श्वास पुरेनासा होऊन तोंड उघडले की थांबावे. चीगोंगमध्ये श्वास नाकाने व सम ठेवण्याचा आग्रह आहे; तो पाळला तर साधक आपोआप अर्धशक्तीच्या आतच राहतो. हृद्रोगी, स्थूल, वृद्ध किंवा तमकश्वासाच्या रुग्णास घरी व्यायाम सांगताना यापेक्षा विश्वसनीय व बिनखर्चाचे मापक माझ्या माहितीत नाही.

मग आपल्याकडे प्राणायाम व आसने असताना चीगोंगचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. प्राणायाम सोडावा असे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु ज्यांना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, सूर्यनमस्कार झेपत नाहीत व कुंभक हितावह नाही, अशा रुग्णांना उभ्याने अगर खुर्चीवर बसून श्वासाशी जोडलेली संथ हालचाल करता येते. तेवढ्यापुरते हे साधन उपयोगी आहे.

दीर्घकालीन परिणाम : किती व कोठवर

उच्च रक्तदाबात चीगोंगचा वापर शांघाय येथे दीर्घकाळ झाला. औषधाबरोबर चीगोंग करणाऱ्यांत पक्षाघात व मृत्यू कमी झाले, असे तेथील दोन-तीन दशकांच्या पाठपुराव्यातून सांगण्यात आले. ही आकडेवारी मोहक आहे, पण गट कसे पाडले, कोण मध्येच गळले, याचे तपशील अपुरे असल्याने तिच्यावर भार देता येत नाही. २००७ मध्ये बारा यादृच्छिक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रक्तदाब उतरण्याची आशादायक चिन्हे दिसतात, परंतु चाचण्यांचा दर्जा निर्णायक विधान करण्याजोगा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

त्यानंतर चीगोंगची सख्खी बहीण म्हणावी अशा ताई ची या पद्धतीवर अधिक काटेकोर काम झाले. बीजिंग येथे रक्तदाब सीमारेषेवर असलेल्या ३४२ व्यक्तींना वर्षभर ताई ची किंवा जलद चालणे-सायकल यांसारखे व्यायाम दिले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वरचा रक्तदाब ताई ची गटात सुमारे ७ व दुसऱ्या गटात सुमारे ४.६ मिलिमीटरने उतरला. सात मिलिमीटर ही सीमारेषेवरील व्यक्तीस मोलाची घट आहे. परंतु १७० मिलिमीटर रक्तदाब असलेल्या रुग्णाची गोळी सोडविण्यास ती पुरणार नाही, हे साधे अंकगणित रुग्णासमोर कागदावर मांडून दाखवावे.

हृदयदौर्बल्यात बोस्टन येथे १०० रुग्णांवर बारा आठवडे ताई चीची चाचणी झाली. निष्कर्ष २०११ मध्ये आले. सहा मिनिटांत चाललेले अंतर व ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता यांत तुलनागटापेक्षा फरक पडला नाही. जीवनमान, आत्मविश्वास व मनःस्थिती मात्र सुधारली. म्हणजे पंपाची शक्ती वाढली नाही, आहे त्या शक्तीत जगणे सुसह्य झाले. आपल्या रुग्णांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही, पण त्याला 'हृदय बळकट झाले' असे नाव देऊ नये.

श्वसनरोगांत चित्र अधिक उजळ आहे. हाँगकाँग येथे जीर्ण श्वासनलिकावरोधाच्या २०६ रुग्णांचे तीन गट करून ताई ची चीगोंग, श्वसनासह चालण्याचा व्यायाम व केवळ नित्योपचार यांची तुलना करण्यात आली. तीन महिन्यांनंतर पहिल्या गटात चालण्याची क्षमता व फुप्फुसांची मोजमापे यांत सुधारणा आढळली. २०१८ मध्ये चीनच्या ग्रामीण भागातील १२० रुग्णांवरील अभ्यासात ताई ची ही रुग्णालयीन श्वसन पुनर्वसनाच्या तोडीस तोड ठरली. दोन्ही गटांना श्वासनलिका विस्तारक औषध चालूच होते, हे विसरू नये. यंत्रे व प्रशिक्षित कर्मचारी जेथे नाहीत अशा आपल्या तालुक्यांच्या गावांसाठी हा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

या सर्व संशोधनात एक अंगभूत उणीव राहणारच. बनावट गोळी देता येते, बनावट चीगोंग देता येत नाही. रुग्णाला आपण काय करतो हे ठाऊक असते, शिक्षकाचा सहवास व आपुलकी मिळते, आणि तुलनागटातील रुग्ण बिचारा घरी वाट पाहत बसतो.

कोणास द्यावे, कोणास देऊ नये

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, विश्रांतीतही छातीत दुखणारा, पायांवर सूज व रात्री बसून राहावे लागेल इतका श्वास असलेला, महाधमनीची झडप अतिशय अरुंद असलेला, किंवा रक्तदाब १८०/११० च्या वर असलेला रुग्ण प्रथम योग्य उपचारांकडे पाठवावा. क्रियेचा विचार नंतर. मानसविकृतीचा पूर्वेतिहास असल्यासही ध्यानप्रधान प्रकार देऊ नयेत. अतिरेकी साधनेतून भ्रम, भीती व शरीरात अनियंत्रित प्रवाह जाणवणे ही अवस्था चिनी वैद्यांना परिचित आहे व १९९४ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणातही तिची स्वतंत्र नोंद झाली होती.

श्वास रोखून जोर लावण्याचे प्रकार काही युद्धकलाप्रधान संचांत आहेत. त्यांत रक्तदाब एकदम चढतो व सुटताना एकदम उतरतो. आपल्या रुग्णांस ते वर्ज्य. बराच वेळ निश्चल उभे राहण्याच्या प्रकारात रक्त पायांत साठते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धास त्यामुळे घेरी येऊन पडण्याचा धोका असतो. भिंतीजवळ किंवा खुर्चीची पाठ धरून आरंभ करावा. भुकेल्या पोटी केलेला व्यायाम हे प्राणवह स्रोतसाच्या दुष्टीचे एक कारण म्हणून चरकाचार्यांनी सांगितले आहे. म्हणून मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तरी काही हलके खाऊन थोड्या वेळाने करावे.

नोंदीची पद्धत साधी ठेवावी. आरंभीच्या दिवशी पाच मिनिटे बसवून मिनिटभर श्वास व मिनिटभर नाडी मोजावी, रक्तदाब पाहावा. क्रियेनंतर दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. क्रियेनंतर लगेच आलेला कमी आकडा हा त्या घटकेचा असतो. रुग्णाचा रक्तदाब म्हणून तो लिहू नये. आठवड्यातून दोन दिवस, क्रियेपूर्वी सकाळी घेतलेल्या आकड्यांची सरासरी हीच खरी. आणखी एक पथ्य वैद्याने पाळावे. चीगोंग सुरू केलेल्याच महिन्यात सर्पगंधा किंवा अर्जुनाचे कल्प नव्याने सुरू करू नयेत, किंवा मात्रा बदलू नये. प्रकृतीस तातडी असेल तर गोष्ट वेगळी. सर्पगंधेने नाडी मंदावते व रक्तदाब उतरतो. दोन्ही एकदम सुरू केल्यास कशाचे श्रेय कशास, हे ठरविता येत नाही आणि घेरी आल्यास दोष कशाचा हेही कळत नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधू-भगिनींना एक विनंती. रुग्ण गोळ्या सोडतो तेव्हा ते वैद्यास सांगत नाही, डॉक्टरांस तर नाहीच. पण त्याची दर महिन्याची पट्टी दीड-दोन महिने उचलली गेली नाही, हे सर्वांत आधी आपल्या लक्षात येते. माझ्या परिसरातील एका विक्रेत्याने असाच एका सेवानिवृत्त शिक्षकाला सहज हटकले, "गुरुजी, दोन महिने झाले, गोळ्या नेल्या नाहीत?" गुरुजींनी चित्रफीत पाहून रोज अर्धा तास क्रिया सुरू केली होती, बरे वाटत होते, म्हणून गोळी थांबविली होती. विक्रेत्याने त्यांना त्याच दिवशी माझ्याकडे पाठविले. रक्तदाब पुष्कळ चढलेला होता, लक्षण एकही नव्हते. गोळी पुन्हा सुरू झाली, क्रियाही चालू राहिली. पुढे मात्रा कमी करण्याचा निर्णय त्यांच्या हृद्रोगतज्ज्ञांनी घेतला. काही औषधे एकाएकी सोडणे विशेष धोक्याचे असते. बीटा-रोधक गटातील गोळी अचानक थांबविल्यास छातीतील वेदना उसळू शकते. क्लोनिडीन अचानक थांबविल्यास रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. या दोन प्रकारच्या गोळ्यांचे नियमित ग्राहक आपल्या वहीत वेगळे खूण करून ठेवावेत आणि ते ठरल्या वेळी आले नाहीत तर एक दूरध्वनी जरूर करावा.